पहिल्याच परदेश प्रवासात रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस: बारा रात्री कशा वाटाव्यात?

प्रश्न

नमस्कार. माझे यजमान आणि मी येत्या ऑक्टोबरमध्ये आमच्या पहिल्याच परदेश प्रवासाला निघणार आहोत. दोघेही साठीच्या आसपास आहोत, आणि इतकी वर्षे ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणत लांबणीवर टाकलेला हा बेत आता पक्का केला आहे. देश इटली. यजमानांनी गेली कित्येक वर्षे रोमन साम्राज्याचा इतिहास मन लावून वाचला आहे. मला चित्रकलेची ओढ आहे, आणि ज्या चित्रांच्या छापील प्रती पाहत मी मोठी झाले ती चित्रे एकदा तरी समोर उभे राहून पाहावीत, एवढीच इच्छा आहे.

सुरुवातीला आम्ही एका सहल कंपनीची कार्यक्रमपत्रिका मागवली होती. तीत नऊ दिवसांत सात शहरे होती. फ्लॉरेन्सच्या वाट्याला एक दुपार आली होती आणि व्हेनिसला सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचे होते. ती पत्रिका वाचल्यावर यजमान म्हणाले, “एवढ्या वेळात मी फोरमच्या, म्हणजे प्राचीन रोमच्या त्या मुख्य चौकाच्या अवशेषांच्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतही पोहोचणार नाही.” म्हणून आम्ही आमचे आम्हीच जायचे ठरवले आहे. हाताशी बारा रात्री आहेत.

विचारायचे ते असे. रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस एवढ्यावरच थांबावे, की पॉम्पेई किंवा पिसा यांचाही समावेश करावा? या शहरांचा क्रम कसा असावा? यजमानांचा उजवा गुडघा दुखरा आहे. सपाट रस्त्यावर ते तासभर सहज चालतात, पण जिने उतरताना त्यांना त्रास होतो. आणि शेवटचा प्रश्न, जो मला सर्वांत जास्त सतावतो आहे: आम्हा दोघांच्या पाहण्याची गती फार वेगळी आहे. ते प्रत्येक शिलालेख वाचतात, तर मी एका चित्रासमोर अर्धा तास उभी राहू शकते, पण पडक्या भिंतींपुढे मला लवकर थकवा येतो. इतक्या प्रतीक्षेनंतर केलेला प्रवास एकमेकांना ताटकळत ठेवण्यात जाऊ नये असे मनापासून वाटते.

प्रतिसाद १

आपण सात शहरांची पत्रिका बाजूला ठेवलीत हे फार चांगले केलेत. बारा रात्रींत तीन शहरे ही योग्य संख्या आहे. पॉम्पेई अप्रतिम आहे, पण तिथे किमान एक पूर्ण दिवस उन्हात, उंचसखल दगडी रस्त्यांवरून चालावे लागते, आणि दुखऱ्या गुडघ्याला ते मानवणार नाही. पिसासाठी फ्लॉरेन्सचा एक दिवस खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रम मात्र मी आग्रहाने सुचवेन: आधी रोम, मग फ्लॉरेन्स, शेवटी व्हेनिस. विमानाचे तिकीट रोमला उतरून व्हेनिसहून परतण्याचे काढावे, म्हणजे आलेल्या वाटेने मागे फिरावे लागत नाही. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीने साधारण दीड तास लागतो आणि फ्लॉरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तास. तिन्ही ठिकाणची स्थानके शहराच्या आतच असल्यामुळे प्रवासाचा दिवस वाया जात नाही.

या क्रमाचे खरे कारण घुमट हे आहे. रोममधील पॅन्थिऑन हे प्राचीन मंदिर सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सन १२६ च्या सुमारास पूर्ण झाले. त्याच्या घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आहे आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच आहे, म्हणजे आत एक अखंड गोल सामावू शकतो. हा घुमट लोखंडी सळ्यांशिवाय नुसत्या काँक्रीटचा आहे. खालच्या थरांत जड दगड आणि वरच्या थरांत हलका सच्छिद्र दगड मिसळून बांधणाऱ्यांनी वजन चढत्या क्रमाने कमी करत नेले, आणि अगदी माथ्यावर तर बांधकामच न करता आकाशाला उघडे असलेले वर्तुळ ठेवले. आत उभे राहून हे पाहिल्यावर फ्लॉरेन्सच्या लोकांपुढचा प्रश्न मनाला भिडतो. त्यांच्या कॅथीड्रलवर याहूनही रुंद पोकळी झाकायची होती, रोमन काँक्रीटची विद्या लुप्त झालेली होती, आणि एवढ्या उंचीवर लाकडी आधार उभारणे परवडणारे नव्हते. ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने १४२० ते १४३६ या काळात एकात एक अशी दोन कवचे रचून आणि विटा मध्ये मध्ये उभ्या बसवून, माशाच्या काट्यासारख्या तिरप्या ओळींत गुंफून तो घुमट जमिनीपासूनच्या आधाराशिवाय वर नेला. ताज्या चुन्यातल्या विटा आत ढासळू नयेत म्हणून त्याने योजलेली ही युक्ती समजली की बाहेरून दिसणारा तो लाल घुमट आपल्याला निराळाच दिसू लागतो.

मायकेलएंजेलोने आराखडा केलेला, व्हॅटिकनमधील सेंट पीटर्स चर्चचा घुमट १५९० मध्ये पूर्ण झाला, म्हणजे तो या मालिकेत तिसरा. आपण तो रोममध्येच पाहिलेला असेल. व्हेनिसच्या सेंट मार्क्स चर्चचे पाच घुमट मात्र वेगळ्या घराण्याचे आहेत. त्यांचा नमुना कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) एका चर्चवरून घेतला होता, आणि त्यांच्या आतल्या सोनेरी मोझेइकखाली उभे राहिले की या शहराचे तोंड पूर्वेकडे होते हे कोणी सांगावे लागत नाही. इतिहासाची आवड असलेल्या माणसाने हा प्रवास याच क्रमाने केला पाहिजे. रोममध्ये पाच रात्री, फ्लॉरेन्समध्ये चार आणि व्हेनिसमध्ये तीन ठेवाव्यात.

प्रतिसाद २

वरील क्रम मान्य आहे असे धरून मी वारांचा हिशेब मांडतो, कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांची सर्वाधिक निराशा बंद दारांपुढे होते. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार वगळता रविवारी बंद असतात. फ्लॉरेन्समधील उफित्सी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात, आणि रोममधील बोर्गेसे गॅलरीही सोमवारीच. म्हणून आपण बुधवारी रोमला पोहोचावे. गुरुवारी कलोसियम आणि फोरम, शुक्रवारी व्हॅटिकन, शनिवारी बोर्गेसे असे ठेवावे. रविवारी कलोसियमकडे जाणारा फोरमलगतचा रुंद रस्ता वाहनांना बंद असतो, तेव्हा तिकिटाशिवाय नुसते चालण्याचा दिवस तोच. सोमवारी बरीच संग्रहालये बंदच असतात, म्हणून तो फ्लॉरेन्सला जाण्यासाठी वापरावा. तिथे चार रात्री राहून शुक्रवारी व्हेनिस गाठावे आणि पुढच्या सोमवारी परतावे. बरोबर बारा रात्री होतात.

कलोसियमचे तिकीट ठरावीक वेळेचे आणि नावानिशी असते. प्रवेशद्वारी ओळखपत्र दाखवावे लागते, म्हणून तिकिटावरचे नाव पासपोर्टप्रमाणेच लिहावे. त्याच तिकिटात फोरम आणि पॅलेटाइन टेकडीचाही समावेश असतो. अधिकृत विक्री साधारण महिनाभर आधी सुरू होते आणि सकाळच्या वेळा लवकर संपतात. बोर्गेसेत आगाऊ आरक्षणाशिवाय प्रवेश नाही आणि प्रत्येक गटाला दोनच तास मिळतात. पॅन्थिऑनला २०२३ च्या जुलैपासून तिकीट लागते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालये विनामूल्य असतात, पण तो दिवस मोह न धरता टाळावा, कारण त्या गर्दीत काहीही नीट पाहता येत नाही.

व्हिसा लागत असेल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; शेवटच्या आठवड्यांवर विसंबू नये. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवास विमा आवश्यक असतो.

आगगाडीबद्दल एक सूचना. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट घेतले असेल, तर फलाटावरील यंत्रात त्यावर शिक्का मारून मगच गाडीत बसावे. वेगवान गाडीच्या तिकिटावर आसन आणि वेळ ठरलेली असते, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

प्रतिसाद ३

पहिल्या प्रतिसादातील घुमटांचे विवेचन मला आवडले, पण क्रमाबाबत माझे मत नेमके उलटे आहे, आणि ते मी अनुभवावरून सांगते. आम्ही दोघे पहिल्यांदा गेलो तेव्हा थेट रोमला उतरलो. झोपेचे वेळापत्रक बिघडलेले, पाय सुजलेले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी कलोसियमची वेळ घेतलेली. त्या वास्तूविषयी वर्षभर वाचले होते, आणि प्रत्यक्षात मी सावली शोधत भिंतीला टेकून बसले होते. ती सकाळ परत मिळत नाही याचे मला आजही वाईट वाटते. व्हेनिसमध्ये मोटारी नाहीत, गोंगाट नाही; तिथे पहिले दोन दिवस नुसते बोटीत बसून गेले तरी ते वाया गेले असे होत नाही. शिवाय तिथे समुद्राच्या भरतीचे पाणी रस्त्यांवर येण्याचा काळ शरद ऋतूत सुरू होऊन हिवाळ्यात वाढत जातो, तेव्हा ऑक्टोबरमध्ये जितके लवकर जाल तितके बरे.

अर्थात २०२० च्या ऑक्टोबरपासून खाडीच्या तीन मुखांवरील पोलादी दरवाजे मोठ्या भरतीच्या वेळी उचलले जातात, त्यामुळे शहर बुडण्याची पूर्वीसारखी भीती राहिलेली नाही. पण सेंट मार्क्सचा चौक शहरातील सर्वांत सखल भागांपैकी एक आहे, आणि मध्यम भरतीसाठी हे दरवाजे उचलत नाहीत. त्या दिवशी चौकात घोटाभर पाणी दिसले तर घाबरू नये. काही तासांत ते ओसरते.

क्रम कोणताही ठेवा, पण व्हेनिसमध्ये रात्री मुक्काम कराच. दिवसभरासाठी येणारी गर्दी संध्याकाळी परतते आणि मग त्या गल्ल्यांमध्ये स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो. फक्त दिवसापुरते येणाऱ्यांकडून २०२४ पासून काही ठरावीक तारखांना प्रवेशशुल्क घेतले जाते. शहरात मुक्काम करणाऱ्यांना ते भरावे लागत नाही, मात्र सूट मिळाल्याची नोंद संकेतस्थळावर आधी करून ठेवावी.

आपल्या यजमानांच्या गुडघ्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी आता सांगते. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला चढायच्या आणि उतरायच्या पायऱ्या आहेत. सामान घेऊन तीन पूल ओलांडले तर पुढचा दिवस गुडघा धरून बसावे लागेल. म्हणून खोली निवडताना नकाशावर बोटीचा थांबा पाहावा, आणि थांब्यापासून खोलीपर्यंतच्या वाटेवर एकही पूल येत नाही याची मालकाला विचारून खात्री करून घ्यावी. ‘थांब्याजवळ’ एवढे लिहिलेले पुरेसे नाही. स्थानकाच्या पायऱ्या उतरताच समोर ग्रँड कॅनाल आहे. तिथून १ क्रमांकाची बोट सावकाश, जवळजवळ प्रत्येक थांबा घेत सेंट मार्क्सपर्यंत जाते, आणि दोन्ही काठांवरचे जुने वाडे बसल्या जागी पाहता येतात.

उंचावरून पाहण्याची हौस असेल तर तीही विचारपूर्वक भागवावी. फ्लॉरेन्सच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. शिवाय वाट इतकी अरुंद आहे की मधूनच माघार घेणे अवघड होते. सेंट पीटर्समध्ये लिफ्ट छतापर्यंतच नेते, पुढे आणखी सुमारे ३२० पायऱ्या उरतात. व्हेनिसमध्ये मात्र सेंट मार्क्सच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे, आणि समोरच्या बेटावरील सान जॉर्जो माज्जोरेच्या मनोऱ्यालाही आहे. दुसरा मनोरा अधिक चांगला, कारण तिथून पहिलाही दिसतो.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे प्रतिसाद मी यजमानांना वाचून दाखवले. पॅन्थिऑन पाहिल्याशिवाय फ्लॉरेन्सचा घुमट पाहायचा नाही असे त्यांनी जाहीर केले आहे, त्यामुळे रोम पहिले हे ठरले. पण रोमच्या त्या हुकलेल्या सकाळीची हकीकत वाचून आम्ही एक बदल केला: बुधवारऐवजी मंगळवारी पोहोचायचे, आणि बुधवारी एकही तिकीट काढायचे नाही. यजमानांना एक दिवसाची जादा रजा मिळते आहे, म्हणून आता तेरा रात्री झाल्या. व्हेनिसच्या तीन घरमालकांना पुलांविषयी विचारले आहे. एकाचेच उत्तर “एकही पूल नाही” असे आले आणि तिथेच राहायचे नक्की केले.

माझा शेवटचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. दोघांनी सगळे एकत्र पाहावे, की काही ठिकाणी वेगळे व्हावे? पहिल्याच परदेश प्रवासात वेगळे फिरणे धाडसाचे वाटते, आणि खरे सांगायचे तर थोडे वाईटही वाटते.

प्रतिसाद ४

आम्ही पती-पत्नी या शहरांत दोनदा गेलो आहोत आणि आमची आवड आपल्यासारखीच विभागलेली आहे. पहिल्या खेपेस सगळे एकत्र पाहिले आणि दोघांनाही अर्धे अर्धेच मिळाले. दुसऱ्या खेपेस रोज एक गोष्ट एकत्र आणि एक गोष्ट आपापली असे ठेवले. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. उलट संध्याकाळी एकमेकांना सांगायला काहीतरी असते.

कोणत्या ठिकाणी वेगळे व्हावे याचा विचार मात्र आधी करावा. कलोसियम एकत्र पाहावे, आणि तिथून फोरममध्ये शिरताना लागणाऱ्या टायटसच्या कमानीपर्यंतही दोघांनी बरोबर जावे. त्या कमानीच्या आतल्या बाजूस रोमन सैनिक जेरुसलेमच्या मंदिरातील सात शाखांची दीपमाळ खांद्यावर वाहून नेत आहेत असे शिल्प आहे. इसवी सन ७० मध्ये ते मंदिर पाडले गेले, आणि त्या लुटीच्या पैशातून कलोसियमचा खर्च भागवला गेला असे मानतात. ही गोष्ट यजमानांकडून तिथेच उभे राहून ऐका. दोन्ही वास्तू एका दृष्टिक्षेपात येतात आणि आपल्याला कंटाळवाण्या वाटणाऱ्या दगडांत एकदम माणसे दिसू लागतात. त्यानंतर त्यांना फोरममध्ये दोन-अडीच तास सोडावे. तेवढ्या वेळात आपण जवळच्या एखाद्या चर्चमध्ये बसू शकता. सान पिएत्रो इन विंकोली तिथून फार दूर नाही, आणि तिथे मायकेलएंजेलोने घडवलेला मोझेसचा पुतळा आहे. मात्र फोरमकडून गेल्यास वाटेत चढ आणि पायऱ्या आहेत, म्हणून यजमानांना तिकडे बोलावू नये. भेटीची जागा खालीच ठरवावी.

फ्लॉरेन्समध्ये उलट करावे. उफित्सीचा पहिला तास एकत्र घालवावा. बॉत्तिचेल्ली या चित्रकाराच्या दालनापर्यंत त्यांना बरोबर न्या आणि ‘व्हीनसचा जन्म’ हे चित्र आपल्याला इतकी वर्षे का आवडते ते त्यांना तिथे सांगा. मग आपण थांबा, आणि त्यांना नदीकाठी जाऊ द्या. पोंते वेक्क्यो हा १३४५ चा पूल आहे. १९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने आर्नो नदीवरील शहरातले बाकीचे पूल उडवले आणि हा एकच शाबूत ठेवला. त्याच्या दोन्ही टोकांची जुनी घरे मात्र पाडली. इतिहास वाचणारा माणूस तिथे सहज तासभर रमतो, आणि ती सगळी वाट सपाट आहे.

एक जागा अशी आहे जी मी दोघांनाही चुकवू देणार नाही, आणि ती वरील प्रतिसादांत आलेली नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. फ्लॉरेन्समधील सान मार्को हा पूर्वीचा मठ आता संग्रहालय आहे. तिथे राहणाऱ्या फ्रा आंजेलिको या संन्यासी चित्रकाराने १४४० च्या आसपास, आपल्या सहायकांच्या मदतीने, प्रत्येक खोलीत एकेक भित्तिचित्र काढले. ती चित्रे प्रेक्षकांसाठी काढलेली नव्हती. त्या खोलीत राहणाऱ्या एकाच माणसाने रोज त्याकडे पाहावे एवढाच त्यांचा हेतू होता. जिना चढून वर पोहोचताच समोरच्या भिंतीवर देवदूत मेरीला येशूच्या जन्माची वार्ता सांगतो आहे ते चित्र येते. जिना एकच आहे, सावकाश चढावा. माझी पत्नी, जिला चित्रांत विशेष रस नाही, त्या कोठड्यांमधून एकामागून एक फिरत राहिली आणि शेवटच्या खोल्यांपाशी तिने मला थांबवले, कारण त्या सावोनारोला या धर्मोपदेशकाच्या होत्या, ज्याला पुढे १४९८ मध्ये शहराच्या मुख्य चौकात फासावर चढवून जाळण्यात आले. चित्र पाहणारा आणि इतिहास वाचणारा, दोघांनाही एकाच व्हरांड्यात आपापले सापडते अशी जागा मला दुसरीकडे मिळाली नाही. हे संग्रहालय दुपारी लवकर बंद होते, तेव्हा सकाळीच जावे.

वेगळे व्हायचे असेल तेव्हा दोघांचेही फोन चालू असले तरी ठिकाण आणि वेळ कागदावर लिहून खिशात ठेवावी, आणि भेटीची जागा चौक म्हणून न ठरवता चौकातील एखादी पायरी, कारंजे किंवा पुतळा म्हणून ठरवावी. फ्लॉरेन्सच्या मुख्य चौकात मायकेलएंजेलोच्या डेव्हिड या पुतळ्याची प्रतिकृती उभी आहे, जिथे १८७३ पर्यंत मूळ पुतळा होता. आम्ही रोज तिच्या डाव्या बाजूला भेटत असू. जो आधी येईल त्याने दुसऱ्याला फोन करायचा नाही, एवढे मात्र ठरले होते.

रोममधला तुमचा बुधवार मोकळा आहे, तर त्या दुपारी पाऊस आला आणि खोलीपासून पॅन्थिऑन जवळ असेल तर जरूर जा. माथ्याच्या वर्तुळातून पाऊस आत पडतो, जमिनीला किंचित उतार आहे आणि फरशीतल्या लहान छिद्रांतून पाणी निघून जाते. फरशी निसरडी होते, तेव्हा यजमानांचा हात धरून चाला.